आधी आवाज शोधा, मग पाना उचला



कापसाची पहिली वेचणी आणि अंबियाच्या संत्र्याची तोड एकदमच आली, म्हणून पंधरा दिवस इथं काही लिहिणं झालं नाही. आज लिहितो ते जरा रागानं लिहितो. राग गॅरेजवाल्यावर आहे, स्वतःवर आहे आणि वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्यावरही आहे. काय बिघडलं ते न शोधता सामान बदलायचं, ही सवय आपण सगळ्यांनी मिळून लावून घेतली आहे. त्या सवयीपायी माझे साडेएकतीस हजार गेले. माणसं जाता जाता राहिली.

गोष्ट माझ्या फोर-व्हील पिकअपची आहे. २००६ चं मॉडेल, एमएच-३१ पासिंग. आमचं वावर नाल्याच्या पल्याड. पावसाळ्यात आणि त्यानंतरही महिनाभर आमच्या पांदणीत काळ्या मातीचा असा गाळ असतो की भाड्याची गाडी तोंड पाहूनच परत जाते. संत्र्याचे कॅरेट त्या गाळातून बाहेर काढणारी आमच्याकडं ही एकच गाडी. २०२१ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा पासिंग पुन्हा करून घेतलं. लोक हसले. मी म्हटलं, जोवर पांदण पक्की होत नाही तोवर ही गाडी घरात राहील.

मे महिन्यात हळू चालताना खालून चीं-चीं असा आवाज यायला लागला, चाकाच्या फेऱ्याबरोबर. पाऊस लागला आणि आवाज आपोआप बंद झाला. मी खूश. ऑक्टोबरात नवा आवाज सुरू झाला. डांबरी रस्त्यावर चाळीसच्या पुढं गेलं की खालून घर्रर्र करून पायाखालचा पत्रा थरथरायचा. वावरात फोर-व्हील टाकून गाडी उचलली की एकदा 'टण्' वाजायचं.

एका गॅरेजात नेली. नाव घेत नाही, कारण दुसऱ्या गॅरेजात नेली असती तरी बहुतेक हेच झालं असतं. मिस्त्रीनं गाडी आवारातच पुढं-मागं केली, खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "भाऊ, मांगचा क्राऊन-पिनियन गेला. मोठं काम हाये." किती? साडेएकतीस हजार, बेअरिंगासकट. मी विचारलंही नाही की कशावरून. तोडीची तारीख डोक्यावर होती. हो म्हटलं.

पाच दिवसांनी गाडी घेतली. पाटणसावंगीच्या रस्त्याला लागलो, काटा चाळीसवर गेला आणि तोच घर्रर्र. परत गेलो. मिस्त्री म्हणाला, "तं मंग आता गिअरबॉक्स पाहा लागन." आणखी बावीस हजारांचा अंदाज.

त्या रात्री घरी भांडण झालं. मुलगा म्हणे भंगारात द्या, नवीन घेऊ, कर्ज मिळते. व्यापाऱ्यानं चार दिवसांनंतरची तारीख दिलेली. फळ झाडावर पिकून उभं. आणि मी विचार करत होतो की साडेएकतीस हजार देऊन माझ्या हातात काय आलं.

## पाना न उचलता केलेली तपासणी

सिल्लेवाड्याकडं एक काका आहेत. खाणीच्या वर्कशॉपात नोकरी करून रिटायर झालेले. कुणीतरी म्हटलं त्यांना एकदा दाखव. मी पान्यांची पेटी घेऊनच गेलो. काका म्हणाले, "पेटी राहू दे. किल्ली दे आन् बाजूले बस. मी बोलल्याशिवाय बोलू नको."

काय केलं ते एकेक सांगतो, कारण हे कुणालाही करता येते आणि त्याला एक रुपया लागत नाही.

पहिलं, रिकाम्या सरळ रस्त्यावर गाडी पंचेचाळीसवर नेली. आवाज सुरू. क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिन खाली बसलं, आवाज तसाच राहिला. म्हणजे आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर नाही, चाकाच्या फेऱ्यांबरोबर आहे. इंजिन आणि क्लच यादीतून बाद. गिअरबॉक्सचीही शक्यता कमी झाली, कारण गिअर बदलला तरी त्याच वेगावर आवाजात फरक नव्हता.

दुसरं, पुन्हा गिअरमध्ये टाकून अॅक्सिलरेटर दिला, मग एकदम सोडला. पुन्हा दिला, पुन्हा सोडला. आवाज जसाच्या तसा. इथं काकांनी माझ्याकडं पाहिलं. "क्राऊन-पिनियनचा आवाज असा राहत नाई बेटा. जोर देल्ला तं एक सूर, सोडला तं दुसरा. दाताची एक बाजू जोर देताना लागते, दुसरी बाजू सोडल्यावर. आवाज बदललाच नाई, तं दात कसे गेले?"

मला तिथंच घाम फुटला. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. ती त्या गॅरेजात झाली असती तर साडेएकतीस हजार वाचले असते.

तिसरं, रस्ता मोकळा पाहून स्टीअरिंग थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. डावीकडं वळवलं की गाडीचा भार उजव्या चाकावर येतो, उजवीकडं वळवलं की डाव्या. चाकाचं बेअरिंग खराब असेल तर भार आला की त्याचा आवाज वाढतो आणि भार गेला की कमी होतो. इथं काही बदल नाही. बेअरिंग बाद.

चौथं. गाडी थांबवून काका खाली उतरले आणि पुढच्या चाकाचा हब पाहिला. "हे लॉक कायले हायेत?"

आता खरं सांगतो. पुढच्या दोन्ही चाकांना हब आहेत, ते हातानं फिरवून लॉक किंवा मोकळे करता येतात. चिखलात जायचं तेव्हा लॉक, डांबरी रस्त्यावर मोकळे. मी जूनमध्ये लॉक केले ते तसेच. रोज उतरून कोण फिरवत बसते! पण हब लॉक असले की फोर-व्हीलचा लिव्हर टू-व्हीलमध्ये असला तरी पुढची चाकं आपल्याबरोबर पुढचा अॅक्सल, पुढचं डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं फिरवत राहतात. काम काही नाही आणि झीज चोवीस तास.

काकांनी दोन्ही हब मोकळे केले. पुन्हा पंचेचाळीस. आवाज गायब!

म्हणजे दुखणं पुढच्या बाजूचं होतं आणि मी ऑपरेशन मागच्या बाजूचं करून बसलो होतो.

पाचवं. आता पुढं तीन जागा उरल्या: अॅक्सल, डिफरन्शियल, शाफ्ट. काकांनी चाकांच्या पुढं-मागं दगड लावले, शाफ्टच्या दोन्ही टोकांना पंचनं खुणा केल्या आणि चार-चार बोल्ट खोलून पुढचा प्रोपेलर शाफ्ट बाहेर काढला. हब परत लॉक केले, लिव्हर टू-व्हीलमध्येच ठेवला आणि गाडी चालवली. आता अॅक्सल फिरते आहे, डिफरन्शियल फिरते आहे, फक्त शाफ्ट नाही. आवाज नाही. म्हणजे शाफ्ट.

शाफ्ट माझ्या मांडीवर ठेवून काका म्हणाले, "आता हातानं हालव." ट्रान्सफर केसकडचा क्रॉस चारही बाजूंना लोण्यासारखा फिरला. पुढच्या डिफरन्शियलकडचा क्रॉस एका दिशेनं हललाच नाही, दुसऱ्या दिशेनं कटकट करत अडकला. सर्क्लिप काढून कप ठोकला तर आतून सुयांसारखे रोलर बाहेर यायला पाहिजेत, ते आलेच नाहीत. तांबडी पूड आली. एका कपाला आडवी भेग.

क्रॉस साडेसहाशे रुपयांचा. काकांची मजुरी मी विचारली तर म्हणाले दे तीनशे.

## हसायची गोष्ट नाही

त्या भेगेबद्दल काका जे बोलले त्यानं माझी झोप उडाली. शाफ्टचं मागचं टोक निसटलं तर ते घासत येते, वाजते, ऑइलचं चेंबर किंवा पाइप फोडते, पण गाडी बहुधा उभी राहते. पुढचं टोक निसटलं तर ते रस्त्यावर पडून रुतते आणि गाडी त्या दांड्यावर उचलली जाते, बांबूवरून उडी मारणाऱ्यासारखी. ही गाडी दोन दिवस आधी मी पन्नासवर चालवली होती. पुढं मी आणि मुलगा, मागं तोडीच्या सात बाया. मालगाडीत माणसं बसवू नयेत हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि आपण सगळेच बसवतो. ती चूकही इथं लिहून ठेवतो.

म्हणजे मी पैसे भरून गाडी दुरुस्त करून घेतली होती, बिल खिशात होतं, आणि गाडी त्या आधीपेक्षा जास्त धोक्याची होती, कारण आता मी निर्धास्त होतो. चुकीच्या निदानाचं खरं नुकसान हे आहे. पैसे गेले ते जाऊ द्या. चुकीच्या निदानानं खरा रोग लपतो आणि आपण डोळे मिटून त्याच्यासोबत फिरतो.

आणखी एक. गॅरेजनं माझा जुना क्राऊन-पिनियन परत दिला होता. काकांनी उजेडात धरून पाहिला. दातावर खड्डा नाही, टवका नाही. काढलेलं ऑइल मी स्वतः पाहिलं होतं, काळपट पण स्वच्छ. दात गेले असते तर ऑइलात लोखंडाचे चकचकीत तुकडे दिसले असते. चुंबकाच्या प्लगला थोडी राखाडी लोण्यासारखी पूड लागते ती नेहमीची झीज. टवके दिसले तर घाबरायचं. पुरावा डोळ्यांसमोर सांडला होता, आम्ही दोघांनी तो गटारात जाऊ दिला.

आणि नवीन क्राऊन-पिनियन बसवणं म्हणजे बोल्ट आवळणं नव्हे. ती जोडी शिम लावून बारीक अंतरावर बसवावी लागते आणि दातांवर रंग लावून ठसा कुठं उमटतो ते पाहावं लागते. ते नीट झालं का, हे आता मला दर आठवड्याला कान देऊन ऐकावं लागणार. चांगला चालणारा भाग काढून मी संशयाचा भाग विकत घेतला.

## "ऐकायचे पैसे कोन देते?"

मी बिल आणि तुटका क्रॉस घेऊन त्या गॅरेजात गेलो. भांडायलाच गेलो होतो. मिस्त्रीनं क्रॉस हातात घेऊन पाहिला, थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहितो:

"भाऊ, चूक झाली माही. पन एक सांगा. मी अर्धा दिवस तुमची गाडी फिरवली असती, शाफ्ट काढून पाह्यला असता आन् म्हटलं असतं का क्रॉस गेला, साडेसहाशेचा हाये. तुम्ही मले अर्ध्या दिवसाचे किती देल्ले असते? शंभर? तेही कुरकुर करून. क्राऊन-पिनियन टाकला तं सामानावर कमिशन भेटते, मजुरी भेटते. ऐकायचे पैसे कोन देते?"

मी उत्तर देऊ शकलो नाही. खरंच सांगा, तुम्ही दिले असते? डॉक्टरची फी आपण देतो. वकिलाला नुसता सल्ला विचारला तरी पैसे देतो. पण मिस्त्री म्हणाला की तपासणीचे पाचशे, तर आपण म्हणतो, "काही केलंच नाई तं पैसे कायचे?" हातात नवीन सामान दिसलं पाहिजे, जुनं सामान पोत्यात घेऊन घरी आलं पाहिजे, तेव्हा आपल्याला काम झाल्यासारखं वाटते.

मग तपासणी फुकटच होणार. आणि फुकटच्या तपासणीचा खर्च कुठून तरी निघणारच. तो सामानाच्या विक्रीतून निघतो. ज्याचं पोट सामान विकण्यावर आहे, त्याला "सामान लागत नाही" असं उत्तर सापडेल कसं? तो वाईट माणूस असायची गरज नाही. ही व्यवस्थाच तशी आहे आणि ती आपण उभी केली आहे.

काही जण म्हणतील, जुन्या गाड्यांचंच हे झंझट, नवीन गाडीला स्कॅनर लावला की रोग स्क्रीनवर येतो. चुकीचं आहे. जिथं सेन्सर आहे तिथलंच स्कॅनर सांगतो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला सेन्सर नसतो, चाकाच्या बेअरिंगच्या घरघरीला नसतो. क्रॉस सुकला हे कोणतीही वायर सांगणार नाही. तिथं कान आणि हातच लागतात, गाडी कितीही नवी असो.

काही म्हणतील, तोडीच्या दिवसांत तपासणीला वेळ कुणाला? माझा हिशोब पाहा. काकांची तपासणी अडीच तासांची, शाफ्ट काढण्या-बसवण्यासकट. गॅरेजात गाडी पाच दिवस पडून होती.

## हेच आपण वावरात करतो

आता कृषी सहायक आणि कृषीचे पदवीधर मित्र वाचत असतील तर त्यांच्याकडं वळतो, कारण क्राऊन-पिनियन आपण वावरातही बदलतो.

बोंडं भरायच्या वेळी कपाशी लाल पडली. आपण काय करतो? चार पानं खिशात घालून कृषी केंद्रात जातो. दुकानदार पानाकडं पाहतो न पाहतो, मागच्या फळीवरून दोन बाटल्या काढतो आणि सोबत एक टॉनिक. सल्ला फुकट. बिल दोन-तीन हजार. गॅरेजवाल्यात आणि यात फरक काय? ज्यानं निदान केलं त्याचं पोट बाटलीवर आहे.

लाल्या हा बाटलीनं मरणारा जंतू नाही. नत्र कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं, पाण्याचा ताण पडला किंवा मुळाशी पाणी साचलं, वरून रात्री थंड झाल्या, अशा कारणांनी झाड लाल पडते. मॅग्नेशियमची उणीव असेल तर आधी खालच्या जुन्या पानांत दिसते, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग लाल होतो. तुडतुड्यांनी रस शोषला तरी पान लाल पडते, पण तेव्हा कडा आधी पिवळ्या पडून खाली वळतात, आणि पान उलटलं की हिरवट बारीक किडे तिरके पळताना दिसतात. पान उलटून पाहायला किती वेळ लागतो? अॅक्सिलरेटर देऊन सोडायला लागतो तितकाच.

संत्र्याचंही तेच. झाड पिवळं पडलं, पानगळ झाली की आपण झिंक फवारतो. नाही हिरवं झालं तर आणखी काही फवारतो. बुंध्याजवळ खुरप्यानं खणून पांढरी मुळी किती जण पाहतात? मुळीची साल बोटांत धरून ओढली आणि मोज्यासारखी निघून आत नुसता धागा उरला, तर फायटोप्थोरानं मूळ सडलं आहे. डिंक्याही त्याच बुरशीचा. तिथं आधी साचलेल्या पाण्याचा निचरा लागतो. पानावर कितीही मारा, रोग मुळात आहे. माझ्या गाडीचं दुखणं पुढं होतं आणि मी मागं खोललं, तसंच हे.

मातीचं सांगू? १९ फेब्रुवारी २०१५ ला मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. त्या कार्डावर मातीचे १२ गुणधर्म लिहिलेले असतात, सामू आणि सेंद्रिय कर्बापासून जस्त-बोरॉनपर्यंत. आपल्यातल्या कितींनी ते कार्ड समोर ठेवून खताची बॅग घेतली? माझं कार्ड विम्याच्या कागदांत घडी करून ठेवलेलं होतं. मागच्या आठवड्यात बाहेर काढलं. ज्या खतावर मी तीन वर्षं पैसे घातले, त्यातलं एक अन्नद्रव्य माझ्या मातीत आधीच भरपूर आहे.

कापूस संशोधन संस्था नागपूरला, लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपूरला. दोन्ही आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर. तिथं बाटली विकली जात नाही, म्हणूनच कदाचित आपण तिथं जात नाही.

पदवीधर मित्रांनो, तुम्हालाही एक विनंती. तुम्ही दुकान टाकलं तर सल्ल्याची पावती वेगळी फाडा आणि औषधाची वेगळी. दोनशे घ्या, तीनशे घ्या, पण वावरात येऊन पान उलटून पाहा, आणि काही मारायची गरज नसेल तर तसं लिहून द्या. सुरुवातीला लोक कुरकुर करतील. मी तरी देईन, हे इथं लिहून देतो.

## माझा गुन्हा

दुसऱ्यांना बोललो, आता माझं ऐका.

क्रॉसला ग्रीसचं निप्पल असते. ग्रीस गन चारशे रुपयांची, माझ्याकडं दहा वर्षांपासून आहे. मागच्या शाफ्टला मी दर दिवाळीला ग्रीस मारत होतो. पुढच्या शाफ्टचं खालचं निप्पल गाळानं बुजलेलं होतं, गन बसत नव्हती, सोडून दिलं. आपल्या इकडं रस्त्याला कोळशाच्या गाड्या आणि राखेची धूळ. राख मऊ दिसते, पण तिच्यात सिलिका असते, पॉलिश पेपरसारखी घासते. सील फाटलेल्या क्रॉसमध्ये ती शिरली की ग्रीसची पेस्ट होते आणि सुया दळल्या जातात.

मे महिन्यातली चीं-चीं हीच होती. सुकलेल्या क्रॉसचं रडणं. पाऊस लागल्यावर ओलाव्यानं रडणं थांबलं आणि मला वाटलं बरं झालं. आवाज आपोआप बंद झाला तर आनंद मानू नका. कारण सापडलं नसेल तर रोग आतच आहे. हे पिकालाही लागू आहे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीतल्या कळेलाही.

दुसरा गुन्हा, डांबरी रस्त्यावर फोर-व्हील. या जुन्या गाड्यांच्या ट्रान्सफर केसमध्ये पुढच्या-मागच्या अॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियल नसते. फोर-व्हील टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागते. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग तो ताण शाफ्टमध्ये पिळासारखा भरतो, क्रॉस आणि दात तो सहन करतात. पुढं झिजके टायर आणि मागं नवे टायर घातले, तर सरळ रस्त्यावरही हाच पीळ भरतो. लिव्हर निघता निघत नाही ना? तो पीळच आहे. थोडं सरळ मागं घ्या, सुटतो.

म्हणून गाडीला दोष देऊ नका. मुंबईत महिंद्रानं विलिस जीपची जुळणी सुरू केली स्वातंत्र्याच्या सुमाराला, १९४७ च्या आसपास. त्या वंशाच्या गाड्या अजून पांदणीत चालतात, कारण त्यांचा प्रत्येक सांधा खोलता येतो, ग्रीस मारता येतो, हातानं तपासता येतो. पण सांधा खोलता येतो म्हणून विचार न करता खोलायचा नसतो.

## आता मी काय करतो

वहीत लिहून ठेवलं आहे, तुम्हीही लिहून ठेवा.

१) आवाज आला की मिस्त्रीकडं जायच्या आधी पाच गोष्टी लिहायच्या: कोणत्या वेगाला येतो. अॅक्सिलरेटर दिला-सोडला की बदलतो का. न्यूट्रल केल्यावर राहतो का. डावं-उजवं केल्यावर बदलतो का. हब मोकळे केल्यावर आणि फोर-व्हीलमध्ये काय होते. चालवणाऱ्यानं रस्ता पाहायचा, लिहायचं बाजूच्यानं.

२) मिस्त्रीला पहिला प्रश्न "किती लागतील?" हा नाही. पहिला प्रश्न "कशावरून?" त्याला उत्तर नसेल तर गाडी खोलू द्यायची नाही.

३) तपासणीचे पैसे आधीच ठरवायचे आणि हसत द्यायचे. मी पाचशे ठरवले आहेत. "काही बदलायची गरज नाही" असं निघालं तरी पाचशे. तेव्हा तर आनंदानं.

४) शाफ्ट काढायच्या आधी दोन्ही टोकांना खुणा, आणि मधल्या दातेरी सांध्यालाही. क्रॉस वाकून फिरतो तेव्हा एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत असले तरच. एक दात इकडचा तिकडं बसला की नव्या क्रॉससकट गाडी थरथरणार आणि तुम्ही पुन्हा गॅरेजात.

५) शाफ्ट काढताना चाकांना दगड लावल्याशिवाय खाली जायचं नाही. मागचा शाफ्ट काढला तर गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा घरंगळते. काही जुन्या जीपांचा हॅण्डब्रेकही ट्रान्सफर केसवरच असतो, तोही कामाचा राहत नाही. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली शिरू नका, लोखंडी घोड्या लावा.

६) नाल्यातून गाडी काढली की आठवड्यात एकदा हाउसिंगचं ऑइल पाहायचं. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढलं जाते. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

७) दर पंधरा दिवसांनी ग्रीस, प्रत्येक निप्पलला, जुनं ग्रीस चारही कपांतून बाहेर येईपर्यंत. ज्या कपातून येत नाही, तो कप आजारी आहे.

तोड झाली. चार दिवसांत सगळे कॅरेट पांदणीबाहेर निघाले, कळमन्याला माल गेला. बायांना आणायला-सोडायला ऑटो लावला, त्याचे पैसे खर्चात धरले. गाडी पंचेचाळीसवर गुपचूप चालते.

त्या गॅरेजवाल्याशी माझं भांडण मिटलं आहे. मजुरीतले काही पैसे त्यानं परत दिले, सामानाचे गेले ते गेले. मागच्या रविवारी ट्रॅक्टरच्या क्लचला आवाज होता म्हणून त्याच्याकडंच गेलो. आधी पाचशेची नोट त्याच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "हे ऐकायचे." त्यानं पेटी उघडली नाही. ट्रॅक्टरवर चढला आणि अर्धा तास नुसता ऐकत बसला. मग म्हणाला, "भाऊ, क्लच प्लेट चांगली हाये. रिलीज बेअरिंग सुकलं." हे आम्ही खोलून पाहिलं. तेच निघालं.

पटलं असेल तर ही नोंद तुमच्या गावच्या मिस्त्रीला वाचून दाखवा. आणि त्याच्यासमोर वाचायच्या आधी पाकिटात पाचशेची नोट आहे का ते पाहून घ्या.